एका क्रेडिटने अडवलेलं ग्रॅज्युएशन

खडीसाखर

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला लेक खाली आला आणि फ्रीज उघडून नुसता उभा राहिला. भूक लागली असली की तो डबे उचकतो. नुसता उभा राहिला की समजायचं, काहीतरी सांगायचंय. मी भांडी विसळत होते. म्हणाला, "आई, माझं ग्रॅज्युएशन अडलंय."

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं मागचं सांगते. आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. बारावीनंतर त्याला थेट चार वर्षांच्या विद्यापीठात न घालता कम्युनिटी कॉलेजात घातलं. फी बरीच कमी, घरचं जेवण, आणि दोन वर्षांची असोसिएट पदवी ठरावीक जीपीएने (गुणांच्या सरासरीने) पूर्ण केली की करारानुसार राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत पुढच्या प्रवेशाची हमी. ओळखीतली कितीतरी मुलं याच रस्त्याने गेलीत. (आजीला हे अजून पटलेलं नाही. ती पुण्यात सगळ्यांना 'युनिव्हर्सिटीत आहे' असंच सांगते.)

तर पोराने दोन वर्षं मन लावून अभ्यास केला. कॅल्क्युलस, फिजिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स, सगळं पार पडलं. पदवीसाठी अर्ज भरला. कॉलेजच्या पोर्टलवर डिग्री ऑडिट नावाचं पान असतं, त्यात काय झालं आणि काय राहिलं ते दिसतं. सगळीकडे हिरवी खूण आणि वरून तिसऱ्या ओळीला लाल. एसडीव्ही १००. कॉलेज सक्सेस स्किल्स. क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, १.

हा कोर्स राज्यातल्या २३ही कम्युनिटी कॉलेजांत आहे. अभ्यास कसा करावा, कॉलेजचे नियम काय, लायब्ररी कशी वापरावी, करिअर कसं निवडावं, पुढच्या सेमिस्टरांची आखणी कशी करावी, असं सगळं त्यात असतं. अधिकृत वर्णनातच लिहिलंय की पदवीसाठी आवश्यक. पहिल्या १५ क्रेडिटांच्या आत उरकायचा असतो. आमच्या चिरंजीवांनी पहिल्या सेमिस्टरला नाव वाचून हसून सोडून दिला, दुसऱ्याला वेळ जमली नाही, तिसऱ्याला विसरला. आणि गंमत म्हणजे चारही सेमिस्टर सिस्टीमने त्याला बिनबोभाट रजिस्टर करू दिलं.

नवरा म्हणतो, नियम वाचायचा होता, चूक आपल्या पोराची. चूक आहेच, पण मला राग येतोय तो असा: ज्याला डिफरन्शियल इक्वेशन्स सुटतात त्याची पदवी 'कॅलेंडर कसं भरावं' यासाठी अडवून नेमकं काय साधतं? तुमच्यापैकी कोणी हे कोर्स केलेत, शिकवलेत? तुमच्याकडे असं काही होतं का?

तात्या_टेपा

यशस्वी कसं व्हावं हा कोर्स टाळला म्हणून यश अडलं. यापेक्षा झकास जाहिरात कुठल्या कोर्सची झाली नसेल.

(दिवे घ्या ताई, म्हणजे हलकेच घ्या.)

मोगरा_७

वाचतेय. पुढचं विद्यापीठ काय म्हणतं? उन्हाळ्यात केला तर चालेल ना?

खडीसाखर

तात्या, दिवे घेतले. अख्खी दिवाळी घेतली.

मोगरा, फोन केला होता. सत्र सुरू व्हायच्या आत पदवीची नोंद असलेलं ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) पोचलं तर चालेल म्हणाले. उन्हाळ्यातल्या ऑनलाइन वर्गात जागा मिळालीय. पुस्तक धरून दोनशे डॉलरच्या वर गेले. मे महिन्यातल्या समारंभात गाऊन घालून चालू देतील का, ते अजून कळलेलं नाही. आजी-आजोबांची तिकिटं मात्र काढून झालीत.

रानवारा

मुंबईतल्या एका कॉलेजात बावीस वर्षं शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं एफसी माझ्या गळ्यात होतं. मुंबई विद्यापीठाचं फाउंडेशन कोर्स हे प्रकरण इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., सगळ्यांना सक्तीचं. भारतीय समाज, राज्यघटना, विषमता असे विषय. म्हणजे खडीसाखर सांगतायत तसा 'कॉलेजात टिकावं कसं' हा कोर्स नव्हे. पण वेळापत्रकातली जागा आणि मुलांच्या मनातली जागा तंतोतंत तीच.

सक्तीच्या कोर्सचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. एकशेवीसचा वर्ग, हजर चाळीस, हजेरीपटावर शंभर. प्रोजेक्ट द्यायचा नियम होता. एका वर्षी प्रदूषणावरच्या प्रोजेक्टात एका मुलीने 'मिठी नदी'ऐवजी 'मिठी नटी' असं टाइप केलं. पुढची चार वर्षं ती नटी माझ्याकडे येत राहिली, दर वर्षी वेगळ्या नावाने, वेगळ्या रंगाच्या स्पायरल बाइंडिंगमध्ये. चौथ्या वर्षी मी तिला दहापैकी सात दिले. ओळख झाली होती.

आणि एफसीत केटी लागून अडकलेली मुलंही पाहिलीत. अकाउंट्समध्ये ऐंशी आणि एफसीत नापास. पालक येऊन विचारायचे, मॅडम हा विषय असतो तरी कशाचा?

विषय वाईट नव्हता हो. राज्यघटना शिकवताना मला स्वतःला आनंद व्हायचा. पण सक्तीचा म्हटलं की वर्ग फुगतो. वर्ग फुगला की तो ज्याचा तास रिकामा असेल त्याच्या गळ्यात पडतो, आणि मग मुलांना पहिल्या आठवड्यातच कळतं की हा कोणाचाच विषय नाही.

मोगरा_७

'मिठी नटी' _/\_

काजवा

मी हा कोर्स शिकवते, तेव्हा उडी मारणं भाग आहे. नॉर्थ कॅरोलायनात, पश्चिमेकडच्या एका कम्युनिटी कॉलेजात, अर्धवेळ. आमच्याकडे त्याचं नाव एसीए १२२, कॉलेज ट्रान्स्फर सक्सेस. हाही एकच क्रेडिटचा. २०१४ मध्ये राज्यातली कम्युनिटी कॉलेजं आणि सरकारी विद्यापीठं यांच्यातला करार नव्याने झाला, त्यानुसार पुढे विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्यांच्या असोसिएट पदवीत तो सक्तीचा आहे.

खडीसाखर, तुमच्या मुलासारखे दोन-तीन जण माझ्या प्रत्येक वर्गात असतात. मागच्या रांगेत, हाताची घडी, चेहऱ्यावर 'हे मला कशाला'. त्यांच्यासाठी हा कोर्स नाहीच, हे मी मान्य करते. पण पुढच्या रांगा बघा. फर्निचरचा कारखाना बंद पडल्यावर त्रेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात आलेला माणूस. रात्रपाळी करून सकाळी आठच्या वर्गात बसणारी नर्सिंग असिस्टंट. घरातली कॉलेजात आलेली पहिलीच अशी एकोणीस वर्षांची मुलगी. यांना अभ्यास येत नाही असं नाही, कॉलेज नावाचं यंत्र कसं चालतं ते माहीत नसतं.

एक उदाहरण देते. कोर्स 'ड्रॉप' करणं, 'विथड्रॉ' करणं आणि नुसतं यायचं बंद करणं. तुम्हाआम्हाला वाटेल, तीनही एकच. पहिल्या काही दिवसांत ड्रॉप केलात तर फी परत आणि ट्रान्सक्रिप्टवर डागही नाही. नंतर विथड्रॉ केलात तर डब्ल्यू असा शेरा लागतो, पैसे गेले, पण जीपीए वाचतो. नुसतं यायचं बंद केलंत तर एफ, म्हणजे नापास. वर केंद्र सरकारची आर्थिक मदत घेतलेली असेल आणि सत्राचे ६० टक्के दिवस भरायच्या आत सगळेच वर्ग सोडलेत, तर त्या मदतीचा काही भाग परत द्यावा लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीची आई आजारी पडली म्हणून ती ऑक्टोबरात यायची थांबली. कोणालाच कळवलं नाही. तिला वाटलं, गेलो नाही म्हणजे नाव आपोआप कमी होईल, जिममध्ये होतं तसं. जानेवारीत परत आली तेव्हा तीन एफ आणि एक बिल वाट बघत होतं. बिल भरेपर्यंत पुढचं रजिस्ट्रेशन बंद. हे तिला सप्टेंबरात कोणीतरी वीस मिनिटं सांगायला हवं होतं. ती वीस मिनिटं म्हणजे माझा तिसरा आठवडा.

दुसरं, या कोर्सचा कणा असलेली असाइनमेंट. पुढे जायचंय ते विद्यापीठ आणि तो विषय निवडायचा, त्यांच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची यादी उतरवायची आणि आपण घेतोय त्या कोर्सशी ओळ न ओळ जुळवायची. कंटाळवाणं काम आहे. पण दर सेमिस्टरला एक तरी जण सहाव्या आठवड्यात माझ्यासमोर पांढराफटक होतो. इंजिनिअरिंगला जायचंय आणि गणितात एमएटी १४३ घेऊन बसलाय. तो कोर्स छान आहे, पण तिथून कॅल्क्युलसला रस्ता नाही. त्यासाठी एमएटी १७१ पासून सुरुवात करावी लागते. सहाव्या आठवड्यात कळलं तर एक सेमिस्टर जातं. चौथ्या सेमिस्टरला कळलं तर दीड वर्ष.

आता मला सांगा, मागच्या रांगेतल्या तिघांना सूट दिली तर पुढच्या रांगेतल्यांना 'तुम्ही कच्चे म्हणून बसा' असं सांगितल्यासारखं होत नाही का?

नर्मदेचा_गोटा

काजवा, पोस्ट आवडलं. पण प्रश्न असा, की हे सगळं सांगितल्याने निकाल सुधारतात का? यावर बऱ्यापैकी अभ्यास झालेत आणि उत्तर गुळगुळीत नाही.

कोलंबिया विद्यापीठातल्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २००७ मध्ये फ्लोरिडाची आकडेवारी तपासली होती. तिथे असा कोर्स घेतलेल्या विद्यार्थ्यांची पदवी किंवा प्रमाणपत्र मिळवण्याची शक्यता सुमारे ८ टक्क्यांनी जास्त निघाली. बाकीचे फरक जमेस धरून. पुढे बरीच कॉलेजं या आकड्याचा दाखला देत राहिली. पण जो विद्यार्थी असा कोर्स आपणहून घेतो तो मुळात थोडा जास्त जागरूक असतो, आणि ही जागरूकता कुठल्याच रकान्यात नोंदलेली नसते.

म्हणून दुसरा अभ्यास जास्त महत्त्वाचा. काजवा, तुमच्याच राज्यातला, गिलफर्ड टेक्निकल कम्युनिटी कॉलेजातला. २०१२ मध्ये एमडीआरसी या संस्थेने त्याचा अहवाल काढला. नऊशेच्या वर विद्यार्थी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एका गटाला कोर्स, दुसऱ्याला नाही. स्वतःची जबाबदारी घेणं, मदत मागणं, स्वतःकडे बघणं यांत कोर्सवाल्यांची प्रगती दिसली. क्रेडिटं आणि मार्कांत एकूण फरक जवळजवळ काही नाही.

आता याच्या शेजारी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा असॅप कार्यक्रम ठेवा. २००७ मध्ये सुरू झाला. त्यातही पहिल्या काही सत्रांत असाच यशाचा तास होता, पण त्याच्यासोबत उरलेली फी माफ, पाठ्यपुस्तकं फुकट, मेट्रोचा पास फुकट, आणि एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी. एरवी त्याच कॉलेजांत एकेका सल्लागाराकडे ६०० ते १५०० असायचे. तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. हाही चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग.

माझ्या मते हिशोब सरळ आहे. मेट्रोच्या पासला पैसे लागतात, सल्लागाराला पगार लागतो. एक क्रेडिटचा सक्तीचा कोर्स स्वस्तात पडतो, उलट विद्यार्थ्याकडूनच त्याची फी घेता येते. आजाऱ्याला औषधाऐवजी औषधावरचं पत्रक वाचायला द्यायचं आणि त्याची परीक्षाही घ्यायची, असा हा प्रकार.

तात्या_टेपा

गोट्या, पत्रक वाचायची परीक्षा मी तर नापास होईन. ती घडी उलगडली की परत घालता येत नाही.

काजवा

गोटा, गिलफर्डचा अहवाल मला पाठ आहे, आमच्या खात्यात तो दर दोन वर्षांनी कोणीतरी टेबलावर आपटतं. :)

सल्लागाराबद्दल शंभर टक्के मान्य. मला एका सल्लागारामागे ७० विद्यार्थी इतके सल्लागार मिळाले तर हा कोर्स मी स्वतः बंद करीन. पण ते मिळत नाहीत. आज परिस्थिती अशी आहे, की सल्लागाराला भेटायला वीस मिनिटांची वेळ मिळते आणि त्यातली दहा पासवर्ड आठवण्यात जातात. सबंध कॉलेजात ज्या एका माणसाला मुलाचं नाव, त्याची नोकरी आणि त्याचं पुढचं विद्यापीठ हे तिन्ही माहीत असतं, तो बहुतेक वेळा या फालतू कोर्सचा मास्तर असतो. तो कोर्सचा गुण नव्हे, वर्गात पंचवीसच जण असतात त्याचा गुण. रानवारांच्या वर्गात एकशेवीस होते.

शिलालेख

थोडा इतिहास, कारण हे खूळ आजचं नाही. श्रेयांक देऊन असा कोर्स सुरू करण्यात रीड कॉलेजचं नाव आधी येतं, १९११. पण आज जो साचा सगळीकडे दिसतो तो साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा. मे १९७० मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या काळात तिथे विद्यार्थ्यांचा उद्रेक झाला, मुलं थेट अध्यक्षांच्या कार्यालयाच्या इमारतीत घुसली. अध्यक्ष थॉमस जोन्स आत अडकले होते. बाहेर आल्यावर या गृहस्थाने पोलीस वाढवा असं न म्हणता विचारलं, की ही मुलं विद्यापीठावर इतकी का चिडलीत? त्यातून १९७२ मध्ये 'युनिव्हर्सिटी १०१' सुरू झाला. १९७४ पासून जॉन गार्डनर यांनी तो सांभाळला आणि त्यांच्यामुळे तो देशभर पोचला.

यातल्या दोन गोष्टी पुढे नक्कल करणाऱ्यांनी सोयीस्कर गाळल्या. एक, शिकवणाऱ्यांना आधी स्वतः प्रशिक्षण घ्यावं लागायचं. मुलांइतकेच प्राध्यापक बदलावेत असा हेतू होता. दुसरी, तिथे हा कोर्स सरसकट सक्तीचा नाही, तरी पहिल्या वर्षाची बहुसंख्य मुलं तो घेतात.

उंबरठा

इथं सगळे आकडे टाकताहेत, मी माझं सांगतो.

२००८ला बीड जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्यात इंजिनिअरिंगला आलो. बारावीला गणितात ९६. वडिलांची सहा एकर कोरडवाहू. घरात कॉलेजात गेलेलं कोणी नाही. पहिल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर लिहिलेलं, 'टर्म वर्क सबमिशन शेड्यूल'. मला टर्म वर्क म्हणजे काय माहीत नव्हतं आणि सबमिशन म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. दोन्ही इंग्रजी शब्दांचा अर्थ डिक्शनरीत बघितला. 'शरणागती' असा अर्थ निघाला. म्हटलं, बरोबर असेल.

विचारायचं कुणाला? रूमवरचे दोघं पुण्याचेच, त्यांना सगळं आधीच ठाऊक. त्यांना विचारलं की हसायचे, वाईट मनानं नाही, पण हसायचे. मग विचारणं बंद केलं. वर्कशॉपची जर्नल वेळेत सही करून घ्यायची असते हे मला सबमिशनच्या आदल्या रात्री कळलं. फीमाफीचा फॉर्म तर पहिल्या वर्षी भरलाच नाही. क्लार्कच्या खिडकीवर 'ईबीसी' असं लिहिलं होतं, मला वाटलं ते एखाद्या ब्रँचचं नाव, ती निघाली आर्थिकदृष्ट्या मागासांची फीसवलत. वडिलांनी पूर्ण फी भरली, एक बैल विकून. दुसऱ्या वर्षी साताऱ्याकडचा एक मित्र म्हणाला, अरे वेड्या, तुला अर्धी फी माफ आहे.

त्या बैलाचं नाव सर्जा होतं. वडिलांना मी खरं कारण अजून सांगितलेलं नाही.

आता एआयसीटीईने इंजिनिअरिंगला तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम केलाय, यूजीसीने २०१९ला बाकी कॉलेजांसाठी 'दीक्षारंभ' आणला. पुतण्याला गेल्या वर्षी विचारलं, काय सांगितलं रे? म्हणाला, उद्घाटन झालं, योगा झाला, एक मोटिव्हेशनल स्पीकर आला, त्यानं सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मी म्हटलं, महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीचा, फॉर्म कधी भरायचा ते सांगितलं का? म्हणाला, ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं होतं वाटतं.

म्हणून काजवाताईंची ती वीस मिनिटं मला कळली. नर्मदेचा गोटा म्हणतात ते पत्रकाचंही बरोबर आहे. पण भाऊ, मला तर पत्रकही मिळालं नव्हतं.

रानवारा

उंबरठा, 'शरणागती' वाचून हसले आणि पुढे बैलापाशी गप्प झाले.

पिठलंभाकरी

मी सध्या एफवायला आहे (हो, खरंच, इथे सगळे काका-मावश्याच दिसतायत). नवीन शैक्षणिक धोरणात आम्हाला सेमिस्टरला २२ क्रेडिटं आहेत. मेजर, ओपन इलेक्टिव्ह, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. पहिले पंधरा दिवस आम्ही ही अक्षरं सोडवण्यात घालवले, वर्गात एकाने चार्ट करून भिंतीवर लावला. मूल्यशिक्षण आहे, पर्यावरण आहे, भारतीय ज्ञानपरंपरा आहे. पण ओपन इलेक्टिव्ह चुकीचं घेतलं तर बदलायचं कसं, हे सांगणारा तास नाही. त्यासाठी ऑफिसबाहेर रांग आहे.

तात्या_टेपा

पिठलं, तो चार्ट करणारा पोरगा पुढे काजवाताईंची नोकरी घेणार.

खडीसाखर

मध्ये महिनाभर गायब होते, आजी-आजोबा आलेत. (समारंभात चालू दिलं. नाव वाचलं, हात मिळवला, हातात पुठ्ठ्याचं रिकामं कव्हर दिलं. ते सगळ्यांनाच रिकामं देतात म्हणे, पदवी नंतर टपालाने येते. आजीला हे सांगितलेलं नाही.)

आता कोर्स सुरू झालाय, तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात एक तक्ता भरायचा होता. सात रकाने, चोवीस ओळी, आठवड्याचे १६८ तास. कसा असावा तो नाही, कसा होता तो. लेकाला उन्हाळ्यात हा एकच कोर्स, म्हणून शिक्षिकेने सांगितलं की मागच्या सेमिस्टरचा एखादा खरा आठवडा आठवून भर. झोप पिवळी, वर्ग निळे, दुकानातली नोकरी हिरवी, बाकी लाल. आमच्या जेवणाच्या टेबलावरच भरत बसला होता. माझी कामंही लाल रंगात घातली होती, त्यावर वेगळी चर्चा झाली.

मग म्हणाला, "हे काय आहे?" मंगळवार आणि गुरुवार, दुपारी एक ते चार, लाल. दोन वर्गांच्या मधली फट. घरी येऊन परत जायला पुरत नाही म्हणून तो ही फट पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर घालवायचा. चारही सेमिस्टर अशीच कुठली ना कुठली फट होती. दुसऱ्या आठवड्यात कॉलेजात काय काय फुकट मिळतं त्याची यादी करायची होती. शिकवणी केंद्र त्याच्या फिजिक्सच्याच इमारतीत, तळमजल्यावर निघालं. तो ज्या दाराने बाहेर पडून गाडीकडे जायचा त्या दाराशेजारी. आणि फिजिक्सच्या दुसऱ्या भागासाठी आम्ही दोन महिने तासाला चाळीस डॉलर देऊन शिकवणी लावली होती.

यावर मी त्याला काही बोलले नाही. नवरा बोलला.

तर माझं मत अर्धं बदललं. कोर्समध्ये मोठं असं काही नाही, पण जे आहे ते पहिल्या महिन्यात कळायला हवं होतं. चौथ्या सेमिस्टरनंतर त्याला हे शिकवणं म्हणजे बोट किनाऱ्याला लागल्यावर लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते दाखवणं. इथेच माझा मूळ राग अजून शिल्लक आहे. अट पदवीला का लावायची? पहिल्या सेमिस्टरच्या रजिस्ट्रेशनला लावा. पदवीला लावली की विसरल्याची शिक्षा पोराला. रजिस्ट्रेशनला लावली की आठवण ठेवायचं काम कॉलेजचं.

काजवा

खडीसाखर, तुमचं बरोबर आहे, फक्त एक गोम सांगते जी सहसा कोणी सांगत नाही. अमेरिकेत केंद्राची आर्थिक मदत त्याच कोर्सना लागू होते जे विद्यार्थ्याच्या पदवीच्या यादीत बसतात. हा कोर्स पदवीच्या यादीतून काढून नुसता 'पहिल्या सत्रात सगळ्यांनी घ्या' म्हटलं, तर ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच तो पदरमोड करून घ्यावा लागेल. म्हणून तो पदवीच्या यादीत असणं सोयीचं आहे.

पण यादीत असणं आणि पहिल्या सत्रात घ्यायला लावणं, ही दोन्ही कामं एकदम करता येतात. दुसऱ्या सत्राच्या रजिस्ट्रेशनला होल्ड लावायचा, म्हणजे हा कोर्स होईपर्यंत ते अडवायचं, बस. लायब्ररीचे बारा डॉलर थकले तर लावतात की नाही? मग हा होल्ड का लावत नाहीत? कारण तो लावला की पहिल्या सत्रात सगळ्यांना पुरतील इतके वर्ग उघडावे लागतील, तेही संध्याकाळचे, शनिवारचे. तितके शिकवणारे ठेवावे लागतील. मला एका क्रेडिटचे जे पैसे मिळतात ते इथे लिहीत नाही, तात्यांना विनोद सुचेल.

नर्मदेचा_गोटा

होल्डच्या कल्पनेला माझं अनुमोदन. आणि ज्याला मागच्या रांगेत बसायचं नाही त्याला पहिल्याच आठवड्यात परीक्षा देऊन सुटू द्या. त्या परीक्षेत वेळेचं नियोजन वगैरे नको. पाच प्रश्न पुरे: ड्रॉपची शेवटची तारीख कोणती, तुझा सल्लागार कोण, पुढच्या विद्यापीठाला तुझं कुठलं गणित लागतं, शिकवणी केंद्र कुठल्या मजल्यावर, आणि पदवीला काय काय लागतं. खडीसाखरचा मुलगा पाचवा प्रश्न चुकला असता.

खडीसाखर

चौथाही.

मोगरा_७

माझी मुलगी ऑगस्टपासून व्हर्जिनियातच कम्युनिटी कॉलेजला जातेय. हायस्कूलमध्ये तिने ड्युअल एन्रोलमेंटचे, म्हणजे कॉलेजचं क्रेडिट मिळणारे, तीन कोर्स केले होते. तिलाही हा लागेल का?

खडीसाखर

मोगरा, आधी तिचं ते ड्युअल एन्रोलमेंटचं ट्रान्सक्रिप्ट काढून बघ. काही हायस्कुलांत हाच कोर्स त्यात देतात, झाला असेल तर परत नको. झाला नसेल तर पहिल्याच सेमिस्टरला घे, आठ आठवड्यांचा वर्ग मिळाला तर तो. आणि पोर्टलवर डिग्री ऑडिटचं पान कुठे असतं ते तिला आत्ताच शोधायला लाव. आमच्याकडे ते डावीकडच्या मेनूत खाली, तीन टिंबांच्या आत आहे.